वेदनेशी झुंजलेला मल्ल

गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धांना आज मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत ‘नर्व्ह ब्लॉक’ या इंजेक्शनाचा पर्याय सुचविला जातो. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारा मज्जातंतू औषधाने बधिर करावयाचा, ही त्यामागील कल्पना. ही सुई शोधून काढणारे अनेक जण होते. परंतु ती केव्हा वापरावी, तिने काय साधते आणि काय साधत नाही, याचे शास्त्र उभे करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते डॉ. जॉन बोनिका एकेकाळी चेहऱ्यावर मुखवटा चढवून कुस्त्या खेळत असत. त्या कुस्त्यांनी मोडलेले शरीर घेऊनच त्यांनी उर्वरित आयुष्य वेदनेच्या अभ्यासाला वाहिले.

सिसिलीच्या उत्तरेला भूमध्य समुद्रात ज्वालामुखीतून निर्माण झालेल्या बेटांची एक साखळी आहे. त्यांतील फिलिकुडी या चिमुकल्या बेटावर १६ फेब्रुवारी १९१७ रोजी बोनिका यांचा जन्म झाला. ते दहा-अकरा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. नव्या देशात बस्तान बसते न बसते तोच वडिलांचे निधन झाले आणि पंधरा वर्षांच्या मुलावर घराची जबाबदारी येऊन पडली. बूट पॉलिश करणे, वर्तमानपत्रे विकणे, भाजी विकणे अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. डॉक्टर होण्याची इच्छा मात्र त्यांनी सोडली नाही.

शाळेत असतानाच त्यांना कुस्तीची गोडी लागली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांनी नाव मिळविले आणि पुढे हीच कुस्ती त्यांच्या शिक्षणाची शिदोरी झाली. तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक कुस्त्यांत ते ‘जॉनी बुल वॉकर’ या नावाने उतरत. १९३९ मध्ये कॅनडाचे लाइट हेवीवेट विजेतेपद आणि १९४१ मध्ये त्याच वजनगटाचे जागतिक विजेतेपद त्यांनी मिळविले. त्याच काळात मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात त्यांचे वैद्यकीय शिक्षण चालू होते. दिवसा शवविच्छेदनाच्या मेजाशी आणि सुटीत कुस्तीच्या रिंगणात, असे ते दुहेरी आयुष्य होते. वैद्यकीय वर्तुळात कुस्तीचा आणि कुस्तीच्या वर्तुळात वैद्यकाचा उच्चार ते करीत नसत. पुढे तर ते मुखवटा घालून ‘मास्क्ड मार्व्हल’ म्हणूनही लढले.

या खेळाने पैसा दिला, तसे बरेच काही हिरावूनही नेले. फासळ्या मोडल्या, सांधे निखळले. वारंवारच्या माराने त्यांचे दोन्ही कान सुजून, चुरगळून कायमचे विद्रूप झाले. असे मोडलेले कान आपल्याकडेही तालमीत मुरलेल्या पैलवानाची खूण मानले जातात. बोनिका यांच्यासाठी मात्र ती केवळ खूण नव्हती. त्या कानांच्या असह्य ठणक्याने त्यांना वेदना म्हणजे काय, हे पहिल्यांदा शिकविले. रिंगणात दुखणे दाखवावयाचे नसते. दुखणे लपविण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. इतरांनी मात्र ते लपवू नये, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

१९४२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी एमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्या रुग्णालयात ते उमेदवारी करीत होते, तेथेच एमा पहिल्या बाळंतपणासाठी दाखल झाल्या. त्या काळी प्रसूतीच्या कळा असह्य झाल्या की ईथरची भूल देत. ती देणारा डॉक्टर अननुभवी होता. भुलीत असताना एमा यांना उलटी झाली, श्वासमार्ग कोंदला, चेहरा निळा पडू लागला. बोनिका यांनी त्या डॉक्टरला बाजूला सारून श्वासमार्ग मोकळा केला. पत्नी आणि मुलगी दोघीही वाचल्या. वेदना थांबविण्यासाठी दिलेले औषधच जिवावर उठू शकते, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या घरात पाहिले. संपूर्ण भूल न देता केवळ दुखणारा भागच बधिर करता आला, तर हा धोका टळेल, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात पक्का झाला आणि त्यांनी बधिरीकरणशास्त्राची वाट धरली.

तसा हा विचार नवा नव्हता. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले होते. त्यापाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच औषध थेट मज्जातंतूजवळ टोचून त्या तंतूच्या हद्दीतील सगळा भाग बधिर करून दाखविला. या प्रयोगांत स्वतःवरच सुई चालविणारे हॉल्स्टेड कोकेनच्या व्यसनात अडकले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन आणि १९४० च्या दशकात लिग्नोकेन ही अधिक सुरक्षित औषधे आली. मज्जातंतूतून विद्युतसंदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे कण तंतूच्या आवरणातून आत शिरावे लागतात. ही औषधे ते दार काही तासांपुरते बंद करतात. दार बंद असेतोवर निरोप पुढे जात नाही आणि मेंदूला वेदना कळत नाही.

१९४४ मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, बोनिका यांची वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस येथील मॅडिगन लष्करी रुग्णालयात बधिरीकरण विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. ७,७०० खाटांच्या त्या अवाढव्य रुग्णालयात पॅसिफिकच्या आघाडीवरून जखमी सैनिक येत होते. शस्त्रक्रियेसाठी भूल देणे हे बोनिकांचे काम. परंतु वॉर्डात फिरताना त्यांना असे सैनिक भेटत, ज्यांच्या जखमा कधीच्या भरून आल्या होत्या आणि वेदना मात्र तशाच होत्या. कोणाचा कापून टाकलेला पाय अजून दुखत होता. कोणाच्या हाताला, मज्जातंतूला झालेल्या इजेमुळे, वाऱ्याची झुळूकही आगीसारखी पोळत होती. दुखणे हे आजाराचे लक्षण, आजार बरा झाला की दुखणे जाते, हा तोवरचा वैद्यकाचा नियम या सैनिकांना लागू पडत नव्हता.

बोनिकांनी ग्रंथांचा आधार शोधला. वैद्यकाच्या निरनिराळ्या शाखांची प्रमुख पाठ्यपुस्तके त्यांनी चाळली. सुमारे १४ हजार पानांच्या त्या मजकुरात वेदनेच्या वाट्याला जेमतेम साडेसतरा पाने आली होती. जी तक्रार घेऊन बहुतेक रुग्ण डॉक्टरकडे येतात, तिच्याविषयीच वैद्यकशास्त्र जवळजवळ मौन बाळगून होते.

मग त्यांनी नर्व्ह ब्लॉकचा आधार घेतला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. एमरी रोव्हेनस्टाइन यांनी १९३० च्या दशकात अशा इंजेक्शनांचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले होते. तीच दिशा बोनिकांनी पुढे नेली. त्यांना या सुईचे दोन उपयोग दिसले. पहिला उघडच होता : आराम. काही रुग्णांत तर औषधाचा अंमल उतरल्यानंतरही आराम टिकून राही. दुसरा उपयोग निदानाचा. एखादा विशिष्ट तंतू बधिर करताच दुखणे थांबले, तर निरोप त्याच वाटेने जात होता, हे कळते. न थांबले, तर उगम अन्यत्र शोधावयास हवा. सुई अशी रुग्णाच्या शरीराला विचारलेला प्रश्नही ठरू लागली. १९५९ मध्ये त्यांनी निदान आणि उपचार या दोन्ही अंगांनी नर्व्ह ब्लॉकचे विवेचन करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

परंतु बोनिकांचे खरे मोठेपण या सुईवरील प्रभुत्वात नाही. सुई जेथे हरली, तेथे त्यांनी काय केले, यात ते आहे. मॅडिगनमध्ये अनेक सैनिक असे होते, की ज्यांना ब्लॉकने तात्पुरता आराम पडे किंवा मुळीच पडत नसे. दुसरा एखादा तज्ज्ञ असता तर दुखणे मनाचे आहे, असा शेरा मारून मोकळा झाला असता. बोनिकांनी आपले ज्ञान अपुरे आहे, असा निष्कर्ष काढला. न्यूरोसर्जन, अस्थिरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ अशा सहकाऱ्यांकडे ते हे रुग्ण पाठवू लागले. पण प्रत्येक जण आपापल्या शाखेपुरते सांगे. तेव्हा त्यांनी सर्वांना दुपारच्या जेवणाच्या वेळी एका मेजाभोवती बसविले आणि एकेका रुग्णाची एकत्र चर्चा सुरू केली. एक रुग्ण आणि त्याच्याभोवती अनेक शाखांचे डॉक्टर, ही आज स्वाभाविक वाटणारी पद्धत वेदनेच्या बाबतीत त्या जेवणाच्या मेजावर आकाराला आली.

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ते जवळच्याच टकोमा शहरातील जनरल रुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रसूतीसाठी चोवीस तास बधिरीकरणाची सेवा उभी केली. कमरेतून दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल इंजेक्शनाने बाळंतिणीला शुद्धीवर ठेवूनही कळा सुसह्य करता येतात, हे रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एमाच्या बाळंतपणातील तो प्रसंग ते विसरले नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे जेवणाच्या मेजावरील चर्चेला त्यांनी वेदना-चिकित्सालयाचे रूप दिले.

या अनुभवातून १९५३ मध्ये ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा ग्रंथ सिद्ध झाला. दीड हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ एकट्या बोनिकांनी, दिवसभराची रुग्णसेवा सांभाळून लिहिला. साडेसतरा पानांच्या मौनाला दिलेले ते उत्तर होते. वेदनेची शरीररचना, तिचे प्रकार, तिचे मनावर आणि संसारावर होणारे परिणाम, नर्व्ह ब्लॉकची तंत्रे, शस्त्रक्रिया, व्यायाम, मानसोपचार असे सर्व काही त्यात एकत्र आले. दीर्घकाळ टिकणारी वेदना हे लक्षण न राहता स्वतःच एक व्याधी बनते, हे त्यांचे प्रतिपादन तेव्हा अनेकांना पटले नाही. पुढच्या काळात मात्र हाच ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ ठरला.

१९६० मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने बधिरीकरणशास्त्राचा नवा विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. तेथे न्यूरोसर्जन लॉवेल व्हाइट आणि परिचारिकाशास्त्राच्या डोरोथी क्रॉली यांच्यासह त्यांनी बहुशाखीय वेदना-चिकित्सालय चालविले. रुग्णाचे दुखणे चोवीस तास पाहते ती परिचारिका. तेव्हा तिचे मत सर्जनच्या मताइतकेच मोलाचे, ही भूमिका त्या काळात धाडसाची होती. याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञांनी, दुखण्याभोवती माणसाचे वागणे कसे आक्रसत जाते आणि ते पुन्हा कसे मोकळे करता येते, यावर पायाभूत काम केले. तिकडे १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते आणि ते वेदनेचे निरोप अडविते वा सोडते; शिवाय मेंदूकडून येणारे संदेशही ते उघडझाप करतात, असे त्यांचे म्हणणे होते. बोनिकांना जे रुग्णांच्या खाटेशी दिसले होते, त्याला आता प्रयोगशाळेचे बळ मिळाले.

मात्र संशोधक आणि डॉक्टर अजून एकमेकांना ओळखत नव्हते. मे १९७३ मध्ये बोनिकांनी सिएटलजवळच्या इसाक्वा या गावी तीनशेहून अधिक जणांना एकत्र बोलाविले. एकेकाळी जोगिणींचा मठ असलेल्या वास्तूत ही परिषद भरली. शरीरक्रियातज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य अशी मंडळी तेथे एका छताखाली राहिली, जेवली, वाद घालीत बसली. त्या परिषदेतून ‘इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन’ ही संस्था जन्माला आली. १९७५ मध्ये तिचे ‘पेन’ हे नियतकालिक निघू लागले आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला तिचे पहिले जागतिक अधिवेशन भरले. संस्थेचे पहिले अध्यक्षपद फ्रान्सच्या मज्जाशास्त्रज्ञ डेनिज अल्ब-फेसार यांच्याकडे गेले. बोनिका त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले. भारतातील ‘इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन’ ही संघटना याच संस्थेची शाखा आहे.

ही सगळी धावपळ करणाऱ्या माणसाचे शरीर कधीचेच कोलमडले होते. कुस्तीत बसलेल्या माराने सांधे लवकर झिजले. खुब्यांचे सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, कण्याचे मणके जोडण्याच्या झाल्या. आयुष्यात वीसहून अधिक वेळा त्यांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. हात पुरता वर उचलत नसे, मान वळत नसे, चालण्यासाठी ॲल्युमिनियमच्या कुबड्या लागत. त्यांचे मित्र आणि एकेकाळचे विद्यार्थीच आता त्यांचे डॉक्टर झाले होते. त्यांनी जगाला शिकविलेले नर्व्ह ब्लॉक त्यांना स्वतःला इतक्या वेळा घ्यावे लागले, की त्याबाबतीत त्यांची बरोबरी करणारा रुग्ण मिळणे अवघड, असे त्यांच्या निकटवर्तीयांना वाटे.

तरीही पंधरा-पंधरा तास काम करण्याचा त्यांचा क्रम चालू होता. काम हाही त्यांचा एक उपचारच होता. मन गुंतले, की दुखण्याचे फाटक काहीसे बंद होते, हा सिद्धांत ते जगत होते. १९७८ मध्ये विभागप्रमुखपद सोडल्यावरही ते थांबले नाहीत. १९८० ते १९८४ या काळात भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९९० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी दोन खंडांत सिद्ध केली. यावेळी लिहिणारे ते एकटे नव्हते. जगभरच्या तज्ज्ञांचे लेखन त्यात होते. एका माणसाच्या ध्यासाचे एका शास्त्रात रूपांतर झाले होते.

१९९४ च्या उन्हाळ्यात एमा गेल्या. बावन्न वर्षांच्या सोबतीनंतर आलेला हा विरह बोनिकांनी जेमतेम काही आठवडे सोसला. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, २०११ मध्ये, त्यांच्याच संस्थेच्या ‘पेन’ या नियतकालिकात दक्षिण कोरियातील डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याची कूर्चा झिजल्यामुळे दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या ३८ वृद्ध रुग्णांवरील हा अभ्यास होता. गुडघ्याच्या सांध्याकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या बारीक फांद्यांना जेनिक्युलर मज्जातंतू म्हणतात. यांपैकी तीन फांद्यांजवळ आधी बधिर करणारे औषध टोचून पाहावयाचे. त्याने दुखणे पुरेसे कमी झाले, तरच रेडिओलहरींच्या उष्णतेने त्या फांद्यांचे काम दीर्घकाळासाठी थांबवावयाचे, अशी ती पद्धत. आधी सुईने प्रश्न विचारावयाचा आणि मग उपचार ठरवावयाचा, ही बोनिकांचीच रीत. आज क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या साह्याने हे उपचार केले जातात.

या उपचारांची मर्यादाही बोनिकांच्या शिकवणुकीतूनच समजून घ्यावी लागते. नुसत्या बधिर करणाऱ्या औषधाचा परिणाम काही तासांचा. त्यात स्टिरॉइड मिसळले तर काही रुग्णांना काही आठवडे आराम पडतो. उष्णतेने निकामी केलेले तंतू काही महिन्यांनी पुन्हा वाढतात आणि दुखणे परतू शकते. झिजलेली कूर्चा यांपैकी कशानेही भरून येत नाही. मग उपयोग काय? उपयोग हा, की दुखणे थांबलेल्या त्या काळात रुग्ण चालू लागतो, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करू शकतो, वजन उतरवू शकतो, रात्रीची झोप मिळवू शकतो. मधुमेह वा हृदयविकारामुळे सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ज्यांना झेपणार नाही, त्यांच्यासाठी तर ही सवड फारच मोलाची. मात्र इंजेक्शन घेतले आणि बाकी काही केले नाही, तर ही सवड वाया जाते.

दीर्घकालीन वेदना ही स्वतःच एक व्याधी आहे, हे बोनिकांचे म्हणणे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात यावयास मोठा काळ जावा लागला. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. दरम्यान घराघरांतून, वय झाले की गुडघे दुखायचेच, असे म्हणत वृद्ध मंडळी जिना चढणे सोडतात, मग देवळात जाणे सोडतात आणि पुढे घराबाहेर पडणेच सोडतात. रिंगणात दुखणे लपविणाऱ्या त्या मल्लाने पुढची पन्नास वर्षे डॉक्टरांना एकच गोष्ट शिकविली : रुग्ण दुखते असे म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवा आणि मगच सुई हातात घ्या.